पंचवीस मीटर, तेही भर दिवसा

डोळ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाने मोटरसायकलवर परत कधी बसायचं, हे आपल्याकडे कोण ठरवतं? गेलं वर्षभर मी हा प्रश्न भेटेल त्याला विचारतोय. डॉक्टर कॅलेंडर बघून सांगतात, दोस्त छाती बघून सांगतात, घरचे वय बघून सांगतात. डोळा बघून कोणीच सांगत नाही. हा लेख या तिघांच्याही विरोधात आहे, आणि ज्या सरकारी फॉर्मने हा निर्णय ज्याच्या त्याच्यावर सोडून दिला आहे त्या फॉर्मच्याही. गेल्या खेपेसारखं पोस्टिंगवरचे किस्से वाचायला आलेल्यांनी आज माफ करावं.

माझी केस थोडक्यात. उजव्या डोळ्याचा पडदा सुटला. रेटिनल डिटॅचमेंट. आधी काळे ठिपके, मग कडेला वीज चमकल्यासारखं, मग एका बाजूने काळा पडदा वर चढत गेला. ऑपरेशनमध्ये डोळ्यातला जेलीसारखा द्राव काढून तिथे गॅसचा बुडबुडा भरतात. तो पडद्याला आतून दाबून धरतो. बुडबुडा जागेवर राहावा म्हणून मला कितीतरी दिवस मान खाली घालून काढावे लागले. एनडीएत पहिल्या टर्मला सीनियर्सनी मान वर ठेवायला शिकवलं होतं, ते सगळं इथे उलटं झालं. अशा ऑपरेशननंतर त्याच डोळ्यात मोतिबिंदू लवकर पिकतो, तसा तो पिकला. तोही काढला, लेन्स बसवली. दरम्यान लो मेडिकल कॅटेगरी लागली आणि एनसीसीच्या पोस्टिंगवर म्हैसूरला आलो. घर चामराजपुरममध्ये, बल्लाळ सर्कलपासून चालत पाच मिनिटांवर. नंजनगुडची गाडी जंक्शनवरून सुटली की पहिला थांबा आमचाच, त्यामुळे घड्याळ लागत नाही. बुलेट पार्किंगमध्ये कव्हरखाली.

आधी कॅलेंडरवाल्यांचं बोलू.

‘सहा आठवड्यांनी चालवा.’ हे मला सांगितलं गेलं, आणि एवढंच सांगितलं गेलं. हॉस्पिटलचं नाव घेत नाही, कारण हे एका हॉस्पिटलचं दुखणं नाही. डिस्चार्जच्या कागदावर डोक्यावरून आंघोळ करू नका, डोळा चोळू नका, वजन उचलू नका, विमानाने जाऊ नका हे छापलेलं होतं. तुम्ही काय चालवता, हा प्रश्न दोन ऑपरेशनं आणि पंधरा-सोळा व्हिजिटमध्ये एकदाही आला नाही. मी सायकलवर येतो की ट्रक चालवतो, रात्री फिरतो की नाही, याची कोणालाच उत्सुकता नव्हती.

विमानाचंच बघा. डोळ्यात गॅस असताना उंचीवर जायचं नाही, कारण बाहेरचा दाब उतरला की बुडबुडा फुगतो, डोळ्यातला दाब चढतो, आणि कायमची नजर जाऊ शकते. सल्फर हेक्झाफ्लुओराइड साधारण दोन आठवड्यांत विरतो, परफ्लुओरोप्रोपेनला सहा ते आठ आठवडे लागतात. विमानाचं सगळे सांगतात, घाटाचं कोणी सांगत नाही. म्हैसूर समुद्रसपाटीपासून साधारण ७६० मीटरवर आहे, ऊटी २२०० मीटरच्या वर. इथल्या पोरांची रविवारची लाडकी राइड म्हणजे बंदीपूर, मसिनागुडी, तिथून ३६ हेअरपिन वळणांचा कल्लट्टी घाट आणि ऊटी. सकाळी निघालात तर जेवायच्या वेळेपर्यंत चौदाशे मीटर वर. ज्याला फक्त ‘फ्लाइट नको’ एवढंच सांगितलंय तो म्हणणार, मी कुठे विमानात बसलोय, मी तर मोटरसायकलवर. फौजेत लेहला जाणाऱ्या प्रत्येकाला उंचीचं कोष्टक तोंडपाठ करून घेतात. कर्नाटकातल्या, कोल्हापुरातल्या, नाशिकातल्या पेशंटला का नको? आंबोली, महाबळेश्वर, कसारा काय कमी चढतात?

आणि आठवडे मोजून कळतं काय? जखम भरली. तेवढंच. भरलेली जखम आणि रस्ता दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बुडबुडा विरताना माझ्या नजरेत एक आडवी रेघ होती, गवंड्याच्या लेव्हलच्या नळीत असते तशी, चाललं की हलायची. रेघ रोज थोडी खाली सरकायची. वरून स्वच्छ, खालून पाण्याखाली. ती गेल्यावर सरळ खांब मध्येच किंचित वाकलेला दिसायचा. मग मोतिबिंदूमुळे समोरच्या गाडीचा दिवा म्हणजे कापसाचा गोळा. सहा आठवडे केव्हाच उलटून गेले होते. कागदावर मी मोकळा होतो.

आता दोस्त. आमच्या कोर्सच्या ग्रुपवर मी विचारलं तेव्हा पहिलं उत्तर आलं, ‘अरे मोशे दायान एका डोळ्याने लढाया जिंकला, तू बुलेटला घाबरतोस?’ दुसऱ्याने पतौडींचं नाव टाकलं. तिसऱ्याने वायली पोस्ट शोधून काढला, तो एका डोळ्याचा वैमानिक, १९३३ साली एकट्याने पृथ्वीला विमानाने प्रदक्षिणा घालणारा. तिघंही खरे. दायानचा डावा डोळा १९४१ मध्ये गेला. पतौडींचा उजवा डोळा जुलै १९६१ मधल्या मोटार अपघातात निकामी झाला आणि त्याच डिसेंबरात ते दिल्लीला इंग्लंडविरुद्ध पहिली कसोटी खेळले.

पण ही उदाहरणं देणाऱ्यांनी ती पुरती वाचलेली नसतात. पतौडींनी स्वतः सांगून ठेवलंय की अपघातानंतर जगमधलं पाणी ग्लासात ओतायला गेलं तर बाहेर पडायचं. म्हणजे त्यांनी आधी पाणी ओतून बघितलं, मग नेट्समध्ये उभे राहिले, कुठली टोपी कशी ओढली की एकच चेंडू दिसतो ते शोधलं, आणि मग मैदानात गेले. पायऱ्या होत्या. शिवाय चेंडू चुकला असता तर आउट होणारे ते स्वतः. बल्लाळ सर्कलला माझा अंदाज चुकला तर आउट होणार शाळेतून घरी निघालेली पोरगी. धैर्य ज्याच्या जिवावर दाखवायचं तो जीव आपला हवा, एवढी साधी गोष्ट अकादमीत तीन वर्षं घोकून घेतली होती. ग्रुपवर ती कोणाला आठवली नाही.

फौज आणि धैर्य यांचा हा गोड गैरसमज फार जुना आहे. लॉरेन्स ऑफ अरेबिया मे १९३५ मध्ये त्याच्या ब्रफ सुपीरियरवरून पडला आणि सहा दिवसांनी गेला. डोक्याला मार. त्याला बघायला बोलावलेल्यांत ह्यू केअर्न्स नावाचा न्यूरोसर्जन होता. त्याने त्या मरणावर शौर्यगाथा लिहिली नाही. फौजी डिस्पॅच रायडर डोक्याला मार लागून किती मरतात, हेल्मेटवाले किती वाचतात, ते मोजत बसला. १९४१ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले, त्याच वर्षी ब्रिटिश फौजेने मोटरसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. ब्रिटनच्या सिव्हिल रस्त्यांवर तो नियम यायला १९७३ उजाडलं. बत्तीस वर्षं. फौजेचा आदर्श घ्यायचाच असेल तर केअर्न्सच्या त्या वहीचा घ्यावा.

घरच्यांबद्दल जपून लिहितो, कारण आई हे वाचते. वाईहून फोन आला की शेवटचं वाक्य ठरलेलं, ‘आता पुरे झालं रे ते फटफटीचं.’ बायको काही बोलत नाही, पण तिने दोन वेळा ओएलएक्सवर जुन्या बुलेटची किंमत बघितली आहे, हिस्ट्रीत दिसतं. त्यांची काळजी खोटी नाही. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली, त्यातली ७४,८९७ दुचाकीवरची होती. सरकारी आकडे आहेत. तरी ‘विकून टाक’ हाही न मोजता दिलेला निकाल आहे. पंचेचाळिशीच्या माणसाचा एक डोळा दुरुस्त झाला म्हणजे तो आयुष्यभर गाडीला नालायक, आणि त्याच वयाचा दुसरा माणूस, ज्याने शाळेनंतर डोळे तपासलेच नाहीत, तो लायक? माझ्या डोळ्याची इतकी मापं निघाली आहेत की रस्त्यावरच्या शंभरातल्या नव्वदांपेक्षा मला माझ्या नजरेबद्दल जास्त माहिती आहे.

आता मूळ मुद्दा. कायदा काय म्हणतो?

लर्निंग लायसन्स काढताना तुम्ही फॉर्म वन भरला होता. आठवत नसेल, कारण तो एजंटने भरला होता. त्यात एक प्रश्न आहे: भर दिवसा, २५ मीटरवरून, चष्मा असेल तर चष्म्यासह, मोटारीची नंबरप्लेट प्रत्येक डोळ्याने ओळखता येते का? रातांधळेपणा आहे का, लाल-हिरवा कळतो का, हेही आहे. उत्तर तुम्हीच द्यायचं, सहीही तुमचीच. चाळिशीनंतर डॉक्टरचा फॉर्म वन-ए लागतो, आणि तो कसा मिळतो हे आरटीओच्या बाहेर झाडाखाली टेबल मांडून बसणाऱ्यांना विचारा.

गंमत म्हणजे त्या प्रश्नात एक सवलत लिहिलेली आहे. पाच वर्षं लायसन्स असलेल्याचा एक डोळा नंतर गेला तर एका डोळ्याने दिसलं तरी चालेल, पण फक्त हलक्या मोटारीसाठी, ज्याला चालकाच्या बाजूला बाहेरचा आरसा आहे. मोटरसायकलसाठी ही सवलत नाही. म्हणजे लिहिणाऱ्याने कधीतरी विचार केला होता की दुचाकीला दोन्ही डोळ्यांचं काम जास्त. मग तो विचार तिथेच थांबला. लायसन्स एकदा मिळालं की तिशी ते पन्नाशीतल्या माणसाला दहा वर्षं कोणी काही विचारत नाही. त्या दहा वर्षांत पडदा सुटो, काचबिंदू होवो, मधुमेह डोळ्यात उतरो. आजारामुळे लायसन्स रद्द करण्याचा किंवा नवं सर्टिफिकेट मागण्याचा अधिकार मोटर व्हेइकल्स अ‍ॅक्टच्या कलम १६ मध्ये आहे. पण आरटीओला कळणार कसं? डॉक्टर कळवत नाही, पेशंट तर नाहीच नाही.

आणि २५ मीटर म्हणजे किती? ताशी ६० किलोमीटरला गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. पंचवीस मीटर म्हणजे दीड सेकंद. डोळ्याने बघून, मेंदूने ओळखून, हाताने ब्रेक दाबेपर्यंत तेवढा वेळ गेलेला असतो. कायद्याने मागितलेली नजर तुम्हाला फक्त एवढं सांगते की ज्या गाडीवर तुम्ही आदळलात तिचा नंबर काय होता. तेही भर दिवसा. संध्याकाळी साडेसात वाजता, पाऊस पडून गेलेल्या नंजुमळिगेच्या रस्त्यावर, समोरून हाय बीमवर पांढरा एलईडी येत असताना काय दिसतं, हा प्रश्नच नाही.

या गावात तर हा विचार व्हायला हवा होता. इथेच यादवगिरीत इराणी मंडळींनी आयडियल जावाचा कारखाना काढला, १९६१ मध्ये जयचामराज वडियारांच्या हस्ते उद्घाटन, १९९६ मध्ये टाळं. माझे घरमालक अजून जुनी जावा बाळगून आहेत. तिचा ६ व्होल्टचा दिवा म्हणजे देवघरातली समई. ‘सर, तेव्हा आम्हालाही काही दिसत नव्हतं आणि समोरच्यालाही काही त्रास नव्हता,’ ते म्हणतात. आता उलटं झालंय. प्रत्येकाला स्वतःपुरतं लख्ख दिसतं आणि समोरचा आंधळा होतो. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला तर दुप्पट. त्यात हेल्मेटच्या व्हायझरला दोन वर्षांचे ओरखडे असले की एका दिव्याचे पन्नास होतात. पाचशे रुपयांचं नवीन व्हायझर हे माझ्या मते ऑपरेशनच्या बिलाचाच भाग धरावं.

लेन्सचंही तसंच. मोतिबिंदू काढताना काउंटरवर तीन पॅकेजं दाखवतात आणि महागातलं मल्टिफोकल गळ्यात मारायला बघतात, ‘चष्मा लागणारच नाही’ म्हणून. त्या लेन्समुळे काही जणांना रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात, हे ब्रोशरमध्ये बारीक अक्षरात असतं. वाचनाचा चष्मा नको असलेल्याला ती चालेल. रात्री मोटरसायकल चालवणाऱ्याने निदान विचारायला हवं. मी साधी मोनोफोकल घेतली, वाचायला चष्मा लावतो, काही बिघडलं नाही. पण मी विचारलं म्हणून ही चर्चा झाली.

आता फौजेचं. फौजेची सगळीच कामं काही आदर्श नसतात, या ब्लॉगवर मी ते पुष्कळ लिहिलंय. पण मेडिकल कॅटेगरी ही चीज सिव्हिलने उचलण्यासारखी आहे. शेप म्हणतात तिला. एस म्हणजे मन, एच कान, ए हातपाय, पी बाकी शरीर, ई डोळे. प्रत्येकाला एक ते पाच आकडा. एक म्हणजे कुठेही, काहीही. पाच म्हणजे घरी. मधले तीन आकडे महत्त्वाचे आहेत. ते म्हणतात, हा माणूस कामाचा आहे, पण हे हे नको. माझ्या कागदावर आत्ता काय नको ते लिहिलंय, उंचीवरची पोस्टिंग त्यात आली. ठरावीक आठवड्यांनी पुन्हा बोर्ड, पुन्हा मापं, आकडा वर किंवा खाली. रायफल मी आता डाव्या खांद्यावरून चालवायला शिकतोय आणि आमचे हवालदारसाहेब मागे उभं राहून अतिशय आदराने हसतात. कोणी मला घरी बसवलं नाही, कोणी पाठीवर थाप मारून ‘कुछ नहीं होता’ म्हणून सोडलंही नाही.

रस्त्यासाठी असा मधला आकडाच नाही. फिट किंवा गाडी विका. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत लायसन्सवर ‘फक्त दिवसा’ अशी अट घालता येते. ब्रिटनमध्ये नंबरप्लेट २० मीटरवरून वाचायची असते, पण सोबत तक्त्यावर ६/१२ची नजर आणि आडवं १२० अंशांचं दृष्टिक्षेत्र लागतं. आपल्याकडे बेंगळुरू-म्हैसूर एक्स्प्रेसवेवर १ ऑगस्ट २०२३ पासून दुचाक्यांना सरसकट बंदी घातली. म्हणजे सरसकट बंदी जमते. माणूस बघून अट घालणं जमत नाही.

म्हणून मी माझा बोर्ड मीच बसवला, डॉक्टरांच्या मागे लागून. दृष्टिक्षेत्राची तपासणी मागून घेतली, ती मशीनमध्ये डोकं घालून टिकल्या दिसल्या की बटण दाबायची असते. एनसीसीच्या मैदानावर २५, ५० आणि ७५ मीटरवर जिप्सी उभी करून प्रत्येक डोळा झाकून नंबर वाचले, दुपारी आणि मग सूर्य मावळल्यावर. दोन आकड्यांत फरक किती पडतो ते बघितलं की कोणाची छाती फार फुगत नाही. रात्री बल्लाळ सर्कलला फुटपाथवर उभं राहून येणारी स्कूटर किती लांब आहे याचा अंदाज मनात बोलायचो आणि पावलं मोजून पडताळायचो. भाजीवाल्याला वाटलं, साहेबांचं डोकंही ऑपरेशनमध्ये हललंय. मग मैदानावर बुलेट, पहिल्या गियरमध्ये, कोनमधून आठ काढत. मग रविवारी सकाळी सातला चामराजपुरम ते युनिट. आज माझी स्वतःला दिलेली कॅटेगरी अशी: दिवसा, एकटा, ५० च्या आत, घाट नाही. रात्रीचं अजून नाही. पुढची तपासणी दोन महिन्यांनी आहे, तिथे आकडे सुधारले तर मागची सीट उघडेन.

यावर एक आक्षेप येतो आणि तो मला खरा वाटतो. ‘साहेब, तुम्हाला सरकारी गाडी आहे, पगार चालू आहे. ज्याचं पोट दुचाकीवर आहे त्याने काय करायचं? तुमच्या अटी त्याच्या लायसन्सवर आल्या तर तो उपाशी मरेल आणि आरटीओला नवीन कुरण मिळेल.’ कुरणाबद्दल वाद नाही. पण पोटाचं उदाहरण आमच्याच गल्लीत आहे. आमच्याकडे नंदिनीचं दूध टाकणारा माणूस साठीच्या आसपासचा, टीव्हीएसच्या मोपेडवर पुढे-मागे क्रेट लादून पहाटे साडेचारला निघणारा. त्याच्या एका डोळ्याचा मोतिबिंदू काढला, दुसऱ्याची तारीख तीन महिन्यांनी दिली. या मधल्या काळात एक डोळा लख्ख, दुसरा धुरकट, जुना चष्मा दोघांनाही न जमणारा, आणि खोलीचा अंदाज साफ चुकतो. कोणत्या पायरीवर क्रेट ठेवतोय ते त्याला हाताने चाचपून कळत होतं. पुण्यात सदाशिव पेठेपासून कोथरूडपर्यंत अ‍ॅक्टिव्हावर मंडईला जाणारे किती काका याच तीन महिन्यांत असतात याचा तुम्हीच अंदाज करा.

त्याचं लायसन्स काढून घेऊन काय मिळणार? त्याला दुसऱ्या डोळ्याची तारीख लवकर हवी होती. मी त्याच्याबरोबर जाऊन काउंटरवर एवढंच सांगितलं की हा माणूस पहाटे अंधारात दुचाकी चालवतो. आतून डॉक्टर बाहेर आले, म्हणाले, हे आधी का नाही सांगितलं? तो म्हणाला, कोणी विचारलं नाही. तारीख तीन आठवड्यांवर आली. तोपर्यंत त्याने उजाडल्यावर फेरी काढायची असं ठरलं, दूध सव्वासहाला यायला लागलं. समोरच्या दोन आजी अजून माझ्यावर रागावून आहेत, त्यांची पहिली कॉफी पाचची असते.